पाण्याची गोळी आणि ताकदीचे औषध

माझ्या आईला रोज दोन औषधे असत. एक लहान पांढरी गोळी, सकाळच्या चहानंतर घ्यायची. दुसरे पातळ औषध, खारट-तुरट चवीचे, जेवणानंतर अर्धा ग्लास पाण्यात मिसळून. लहानपणी आलेल्या सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. त्यामुळे अंगात पाणी साठे, आणि दिवस मावळेपर्यंत पायांवर अशी सूज चढे की चपलेचा पट्टा मांसात रुतून बसे. गोळी ते पाणी लघवीवाटे बाहेर काढी. पण पाण्याबरोबर शरीरातले पोटॅशियमही निघून जाई. ते फार कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून पातळ औषधातून ते परत द्यायचे. एकाने काढायचे, दुसऱ्याने भरायचे. या दोघांचा तोल मूत्रपिंडे सांभाळतात, आणि आईची मूत्रपिंडे त्या आजाराने आधीच थकलेली होती.

डॉक्टरांनी हे सगळे नीट सांगितले होते, फक्त आईला नाही. आमच्याकडे आजारी बाई असली तरी डॉक्टरांशी बोलतो तिचा नवरा. तो टेबलासमोरच्या खुर्चीवर बसतो, ती बाजूच्या स्टुलावर पदर सावरून. झोप लागते का, हे डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून विचारले तरी "लागते की" हे उत्तर तोच देतो. अंबाजोगाईहून केजला परत येईपर्यंत अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लक्षात राहिले ते एवढेच : "गोळी सकाळी, औषध जेवल्यावर. गोळीनं लगवी व्हती. औषध ताकदीचं हाय." दोन्ही औषधे जोडीची आहेत, एक थांबवायचे झाले तर दुसऱ्याचे काय करायचे ते आधी येऊन विचारा, ठरावीक काळाने रक्त तपासून घ्या, हा भाग आईपर्यंत पोहोचलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा तो मला कळला. "तुमच्या वडिलांना सांगितलंय मी," डॉक्टर म्हणाले. ते खरे होते.

त्या दिवाळीत मी घरी सर्वांना समजावून सांगितले. औरंगाबादला जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. करत होते, त्यामुळे माझे बोलणे घरात आदराने ऐकले जाई आणि तितक्याच आदराने बाजूला ठेवले जाई. अप्पांना तर 'ताकदीचे' हा शब्द सोडवतच नव्हता. त्यांचे किराणा दुकान होते, आणि बाजारात नवा माल येण्याचे ते दिवस होते. पूर्वी पोत्यातून मोजून द्यायच्या वस्तू आता चकचकीत पुड्यांतून येऊ लागल्या होत्या, आणि पुड्यावर जे छापले आहे त्यावर अप्पांचा देवावर असावा तसा विश्वास होता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले म्हणून त्यांनी आईसाठी दुकानातला मिठाचा एक नवा खोका घरी आणला होता. वर हृदयाचे लाल चित्र. मी खोका उलटा करून बारीक अक्षरे वाचली. नेहमीच्या मिठातले बरेचसे सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले.

"अप्पा, हे आईला चालणार नाही. औषधात आहे तेच यात आहे."

"मंग डबल फायदा," अप्पा म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

गोळीविषयी मात्र आईचे स्वतःचे मत होते, आणि ते अडाणीपणातून आलेले नव्हते. ती गोळी घेतली की दुपारपर्यंत बाईला वारंवार उठावे लागते. उठून जायचे कुठे, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलेला नव्हता. आमच्या भागातल्या बायकांनी लघवी न करण्याचे एक शास्त्रच तयार केलेले आहे. गावाला जायचे तर आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचे. लग्नाला जायचे तर सकाळचा चहासुद्धा घ्यायचा नाही. औरंगाबादला जाणारी एस. टी. मांजरसुंब्याला थांबे, पुरुष ढाब्यामागच्या भिंतीकडे ओळीने जात, चहा पिऊन पान चघळत परत येत. बायका बसमध्ये खिडक्यांना टेकून बसलेल्या असत. उतरली तर जाईल कुठे? म्हणून कुठेही बाहेर जायचे असले की आई त्या दिवशी गोळी चुकवी. पातळ औषध चुकवण्याचे काही कारण नव्हते. ते ताकदीचे होते.

एखादा दिवस चुकला तर शरीर सावरून घेते. वैशाखात माझ्या भावाचे लग्न ठरले, आणि एखाद्या दिवसाचे अनेक दिवस झाले.

लग्नाच्या आधी मी घरी पोहोचले तेव्हा दारात मांडव पडला होता आणि घर पाहुण्यांनी भरले होते. स्वयंपाकघरात आई पाटावर बसून होती, तिच्या भोवती चार बायका शेवया मोडत होत्या. मी तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि पडूनच राहिला.

"गोळी घेत नाहीस ना?"

"कुठं बसू, माय?" आई हळू आवाजात म्हणाली. "मागच्या दारी एकच संडास, आन् तिथं पाव्हणे तांबे घेऊन उभे हायेत. त्यांच्यातून घडीघडीला वाट काढू का? लगीन होऊ दे, मंग रोज घेते."

"आणि ते दुसरं औषध?"

उत्तर आत्यांनी दिले. अप्पांची ही थोरली बहीण. लग्नाचा सगळा कारभार त्यांच्या हाती होता. "ते मी टायमावर देते. अक्षता पडूस्तोर उभं राहायचंय तिला. दोन्ही येळेला दुप्पट देते, म्हनून तर चालती-फिरती हाय."

मी तिथेच बसले आणि शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. "आत्या, रांजणाला खाली भोक आहे, म्हणून आपण वरून पाणी ओततो. आता भोक बुजवलं आणि ओतणं चालूच ठेवलं, तर काय होईल?"

"काय व्हईल? रांजण भरंल! चांगलंच की गं!"

चारही बायका खदखदून हसल्या. आईही हसली. माझा दृष्टांत शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता, आणि आत्यांनी त्याची एका वाक्यात वाट लावली.

"हसू नका. हे अंगात साठलं तर हृदय बंद पडतं. आधी हातापायांतली शक्ती जाते, मग ठोके संथ होतात, मग थांबतात. गोळी द्यायची नसेल तर ते औषधही देऊ नका, आणि उद्या आईला अंबाजोगाईला नेऊन रक्त तपासू."

"वा गं वा! गोळीबी नको, औषधबी नको, आन् हळदीच्या दिशी वरमायीनं दवाखान्यात जायचं! लोक म्हनतील पोरीनं शिकून आईलाच प्रयोगाला बसवलं."

मी दुकानात अप्पांकडे गेले. तिथे सुपारी आणि नारळ मोजले जात होते. मी दोन मागण्या केल्या : मागच्या दारी तट्ट्या लावून बायकांसाठी वेगळी जागा करा, आणि लग्नाला जाताना आईला ट्रकमधून न नेता भाड्याची जीप द्या, म्हणजे ती गोळी घेऊ शकेल, जीप वाटेत कुठेही थांबवता येईल.

"जीप एकच केली. ती सायबांना आनायला जानार हाय." साहेब म्हणजे तालुक्यातले एक पुढारी. त्यांच्या हस्ते वधूवरांना आशीर्वाद देववण्याचे अप्पांचे स्वप्न होते.

"साहेबांकडे स्वतःची गाडी नाही?"

"मान असतो तो. तुला न्हाई कळायचं."

"आणि आई?"

"तुझी आई घरचीच हाय," अप्पा अगदी समजुतीने म्हणाले. "घरच्या मानसानं सांभाळून घ्यायचं असतं."

त्या वाक्यात त्यांच्या दृष्टीने प्रेमच होते. मी तट्ट्यांचा विषय पुन्हा काढला, तेव्हा त्यांनी दुकानात गिऱ्हाइक असताना असले बोलू नये, अशी खूण केली.

त्या दिवसांत मी पातळ औषधाची बाटली दोनदा लपवली. दोन्ही वेळा आत्यांनी माणूस पाठवून बाजारातून नवी आणवली. औषधाच्या दुकानात त्या बाटलीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागितली नाही. ती ताकदीची बाटली होती.

मुलीकडचे गाव अंबाजोगाईच्या रस्त्यावरून आत वळल्यावर होते. वऱ्हाड ट्रकमधून पहाटे निघाले. बायका सतरंजीवर एकमेकींना टेकून बसल्या, आईला ड्रायव्हरच्या शेजारी बसवले, हा तिचा मान. आमचा मुक्काम गावातल्या शाळेत होता. शाळेत बायकांनी जावे अशी जागा नव्हती. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात उभ्या पिकाचा आडोसा तरी असतो. वैशाखात रान लांबपर्यंत उघडे पडलेले असते. आईने अर्थातच पाण्याचा घोटही घेतला नव्हता. शालू नेसवताना तिला दोघींनी धरून उभे केले.

"पायात जीव न्हाई गं," ती मला म्हणाली. "मुंग्याबी येईनात. असेच नुसते न्हाईतच जनू."

मी तिची नाडी धरली. संथ होती, आणि मध्येच एक ठोका यायचा राहून जाई. प्रयोगशाळेत आम्ही पोटॅशियमचे द्रावण ज्योतीवर धरत असू, तेव्हा निळ्या काचेतून किरमिजी-जांभळी छटा दिसे. रक्तातले पोटॅशियम असे डोळ्यांनी दिसत नाही. ते मोजण्याचे यंत्र अंबाजोगाईला होते, आणि आम्ही तिथून फार लांब नव्हतो. हेच मला सर्वांत असह्य होत होते.

आत्या बाटली घेऊन आल्या. चमच्यात औषध भरून, पाणी न घालता, आईच्या ओठांशी नेले. "घे वैनी. अक्षतेपुरतं बळ येऊ दे."

मी त्यांच्या हातून बाटली हिसकावून घेतली आणि शाळेच्या ओट्यावरून खाली ओतून टाकली.

"अगं बया! लग्नाच्या दिशी आईचं औषध मातीत!" आत्यांचा आवाज सगळ्या वर्गखोल्यांत गेला. भाऊ बाशिंग बांधून बाहेर आला. मी त्याला सांगितले की आईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवे.

"कावून तमाशा करायलीस?" तो खाली बघून म्हणाला. "तिला दगदग झाली, दुसरं काय न्हाई. अक्षता पडू दे, मंग मीच घेऊन जातो. थोडक्याचा तर प्रश्न हाय."

थोडक्याचा प्रश्न नव्हता. मुहूर्त केव्हाच टळला होता. साहेब आले नव्हते, आणि ते आल्याशिवाय, त्यांचा सत्कार झाल्याशिवाय अक्षता पडणार नव्हत्या. माईकवरून "मान्यवर लवकरच पोहोचत आहेत" असे पुन्हापुन्हा सांगितले जात होते. आई मांडवात पुढच्या खुर्चीवर बसली होती. तिचे डोके एका बाजूला झुकत होते, आणि मागे बसलेली एक बाई कौतुकाने म्हणत होती, "वरमायीला गहिवरून आलंय."

मी अप्पांकडे गेले नाही. मी करवली होते, नवरदेवाची बहीण. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी करवलीने मागितलेली वस्तू मुलीच्या बापाला नाकारता येत नाही. एरवी करवल्या साडी मागतात, चांदीचे निरांजन मागतात, जेवणात अमुक गोड नाही म्हणून रुसतात, आणि मुलीचा बाप हात जोडून उभा राहतो. ही प्रथा मला नेहमीच किळसवाणी वाटत आली आहे. त्या दिवशी मी तिचा वापर केला. भर मांडवात व्याह्यांसमोर जाऊन उभी राहिले.

"ताईसाहेब, काय कमी पडलं?" त्यांनी लगेच हात जोडले.

"मला गाडी पाहिजे. आत्ता. आईला अंबाजोगाईला न्यायचं आहे."

त्यांनी अप्पांकडे पाहिले. अप्पा धावत आले. "तसं काय न्हाई पाव्हनं, पोरगी जरा अभ्यासानं—"

"करवली मागते आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि तिचा मी फायदा घेतला. मांडवाबाहेर त्यांची एकच जीप उभी होती, मुलीच्या पाठवणीसाठी झेंडूच्या माळांनी सजवलेली. तीच त्यांनी दिली. मी आणि ड्रायव्हरने आईला उचलून मागच्या सीटवर घातले. आत्या मांडवाच्या दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "सुनेची गाडी दवाखान्याला चालली. बघा, कसा शकून हाय."

गावाबाहेरचा रस्ता एका गाडीपुरता होता. अर्ध्या वाटेत समोरून अप्पांनी भाड्याने केलेली जीप आली. पुढच्या सीटवर साहेब, गळ्यात आधीच कुठल्यातरी लग्नातला हार. त्यांच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आमच्या ड्रायव्हरने सवयीने गाडी खाली रानात उतरवली आणि त्यांना वाट दिली. थोड्या वेळाने मागून, लांबून, लाऊडस्पीकरवर मंगलाष्टके सुरू झाल्याचे ऐकू आले. आई डोळे मिटून ऐकत होती. मग रस्ता वळला आणि आवाज बंद झाला.

दवाखान्यात ड्यूटीवर माझ्याच वयाचा डॉक्टर होता. मी त्याला सांगितले : पाण्याची गोळी बरेच दिवस बंद, पोटॅशियमचे औषध दुप्पट चालू, जेवणात पोटॅशियमचे मीठ, दोन दिवसांत लघवी जवळजवळ नाही. त्याने आणखी काही विचारले नाही. हृदयाच्या आलेखाची पट्टी यंत्रातून बाहेर येऊ लागली तसा तो उठून उभा राहिला आणि सिस्टरला हाक मारली. शिरेतून कॅल्शियम दिले, सावकाश. मग ग्लुकोज आणि इन्सुलिन, जेणेकरून रक्तातले पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले जावे. नळी घालून लघवी काढली. शालूचा काठ आईने मुठीत धरला होता तो सिस्टरने बोटे सोडवून काढला. संध्याकाळी ती माझे नाव घेऊन बोलली, तेव्हा डॉक्टर पलंगाजवळ येऊन म्हणाला, "अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो."

अप्पा दुसऱ्या दिवशी आले. डॉक्टरने त्यांना खुर्ची दिली.

"पाण्याची गोळी कोणी बंद केली?"

"बायकांचं काय सायेब," अप्पा म्हणाले, "मनाला येईल तसं करत्यात."

"दोन्ही औषधं जोडीची आहेत, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं की. पर घरात माझं ऐकतं कोन?"

आई उशीवर डोके ठेवून छताकडे पाहत होती. मी बोलले असते तर बापाचा दवाखान्यात अपमान करणारी मुलगी, एवढीच भर पडली असती.

केजमध्ये या सगळ्याची गोष्ट झाली ती अशी : शिकलेल्या पोरीने भर मांडवातून वरमाय उचलून नेली. साहेबांच्या स्वागताला वरमाय नव्हती. गाडी नसल्यामुळे नवी नवरी वऱ्हाडाच्या ट्रकमधून सासरी आली. सूनमुख आईऐवजी आत्यांनी पाहिले, आरशात आपले तोंड सुनेच्या तोंडाशेजारी धरून. फोटोग्राफरने तो फोटो काढला. अल्बममध्ये तोच आहे. औषधाविषयी कोणी काही बोलत नाही. आई 'जाग्रणानं' पडली होती.

त्या वर्षी पाऊस संपल्यावर घरात, आतल्या बाजूला, नवा संडास आणि न्हाणीघर बांधले गेले. वहिनीच्या माहेरच्यांनी सुचवले होते. लेक शहरात शिकलेली, तिला मागच्या दारी जायची सवय नव्हती. अप्पांनी ताबडतोब गवंडी बोलावला. आईला सोय होईल, हे कोणाच्या बोलण्यात आले नाही, पण सोय झाली. ती आता रोज सकाळी गोळी घेते. पातळ औषध डॉक्टरांनी रक्त पाहून कमी केले, आणि त्या मिठाचा खोका पुन्हा दुकानातल्या फळीवर गेला.

सुट्टीत मी येते आणि रक्त तपासायला तिला अंबाजोगाईला नेते. आता डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर मी तिला बसवते. तिला तिथे अवघडल्यासारखे होते; प्रश्न विचारला की ती माझ्याकडे बघते.

गेल्या वेळी आकडा चांगला आला होता. परतताना शेअर जीपमध्ये आम्ही दोघीच मागे होतो. मी खुशीत होते, संशोधनासाठी माझी निवड झाल्याचे तिला सांगत होते. तिने ते ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "एक इचारू? अक्षता पडूस्तोर मला बसू दिलं असतंस, तर काय झालं असतं?"

"मेली असतीस, आई."

"ते कळलंय मला." ती पिशवीचे बंद आवळत म्हणाली, "वरमाय म्हनून तर मेले असते."

मी तिला सांगायला सुरुवात केली, की तसे मरण कसे असते, श्वास कसा अडतो, मांडवात काय झाले असते. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि तोंड खिडकीकडे वळवले. केजला उतरेपर्यंत ती बाहेरच बघत होती. घरी पोहोचल्यावर वहिनीने पाणी आणले, आणि आईने तिच्याशी बाजारातल्या भाज्यांच्या गोष्टी सुरू केल्या.